रंगवलेल्या पडद्यापासून छोट्या पडद्यापर्यंत : गिरणगाव आणि नेपथ्याची शंभर वर्षे

मराठी दूरचित्रवाणीचा इतिहास आपल्याकडे बहुधा चेहऱ्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. 'गजरा', 'किलबिल', 'ज्ञानदीप', 'प्रतिभा आणि प्रतिमा' हे कार्यक्रम आले आणि 'चिमणराव गुंड्याभाऊ'मुळे दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे घरोघरी पोचले. निवेदक, निर्माते आणि कलावंत यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. ते ज्या खोलीत बसून बोलत होते, ज्या भिंतीला टेकून हसत-रडत होते, ती खोली कोणी आखली, ती भिंत कोणी रंगवली आणि त्या भिंतीवरचे कॅलेंडर कोणी शोधून आणले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. प्रस्तुत लेख त्या भिंतीविषयी आहे. ही कला स्टुडिओच्या यंत्रांबरोबर परदेशातून आलेली नाही. तिची मुळे गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात आणि त्याला जोडलेल्या कोल्हापूर-पुण्यात आहेत, हे पहिले सांगणे. ज्या वस्तीने हे कसब पोसले, तीच वस्ती आज डोळ्यांदेखत पाडली जात असताना नेपथ्यकाराचे कागद जपणे हे इतिहासाचेच काम आहे, हे दुसरे.

'नेपथ्य' या शब्दाचा प्रवास

आज आपण 'नेपथ्य' म्हणतो तेव्हा रंगमंचावरची मांडणी डोळ्यांसमोर येते. संस्कृत नाट्यपरंपरेत हा शब्द पडद्यामागच्या जागेसाठी आणि नटाच्या वेशभूषेसाठीही वापरला जाई. भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाचे चार भाग सांगितले आहेत : पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव. यातला 'पुस्त' म्हणजे बनवलेल्या वस्तू. डोंगर, रथ, विमान, ढाल-तलवार असे सारे त्यात येते. त्यासाठी लाख, हलके लाकूड, कातडे, कापड, बांबू असे साहित्य सांगितले आहे. अस्सल जड शस्त्रे रंगमंचावर आणू नयेत, नट दमतो, असा व्यवहारी सल्लाही तेथे आहे. वस्तू खरी नको, खरी वाटावी आणि उचलायला हलकी असावी, हा नियम दोन हजार वर्षे जवळजवळ तसाच राहिला. आजच्या मालिकेतला थर्माकोलचा खांब किंवा फायबरची समई ही त्या 'पुस्ता'चीच पुढची आवृत्ती होय.

पडदे रंगवणारे हात

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'ने संगीत नाटकाचे युग सुरू झाले. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत नाटक मंडळ्यांची श्रीमंती त्यांच्या पडद्यांवरून मोजली जाऊ लागली. राजवाडा, रस्ता, अरण्य, देऊळ असे ठरावीक पडदे असत. ते दांड्यांवर गुंडाळून मंडळीबरोबर गावोगाव फिरत. पारशी नाटक कंपन्यांनी या पडद्यांना खोली दिली. दूरवर जाणारे खांब, लहान होत जाणारी कमान अशा युरोपीय यथादर्शनाचा चमत्कार प्रेक्षकांना त्यांवर पाहायला मिळाला.

या पडद्यांवर ज्यांचे हात बसले, त्यांत कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू अग्रणी होते. १९१० ते १९१६ या काळात मराठी संगीत नाटक मंडळ्यांसाठी आणि पारशी-गुजराती रंगभूमीसाठीही त्यांनी पडदे रंगवले. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्यांचे एक काम आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. कॅमेरा सुरू होण्यापूर्वी ते पात्रांचे पोशाख, हालचाली आणि प्रसंग यांची रेखाटने करीत. आज वाहिन्यांच्या कार्यालयांत ज्याला 'कॉन्सेप्ट' म्हणतात, ते संकल्पनाचित्र कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी पेन्सिलीने काढले जात होते. सपाट पडदा बाजूला सारून, ज्यात माणूस खरोखर वावरू शकेल असे घन नेपथ्य चित्रपटात आणण्याचे श्रेयही बाबूरावांनाच दिले जाते. हॉलिवूडमध्ये विल्यम कॅमेरॉन मेंझीस यांनी 'गॉन विथ द विंड' (१९३९) या चित्रपटाचे प्रसंग आधी चित्रांत मांडले आणि त्यांच्यासाठी 'प्रॉडक्शन डिझायनर' हे बिरुद तयार झाले. बाबूरावांच्या कामाला असे वेगळे नाव कधी मिळाले नाही.

मुंबईतही चित्रकलेतून पडद्याकडे जाणारी वाट होतीच. दादासाहेब फाळके जे. जे. स्कूलमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. १८९२ च्या अहमदाबाद प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीसाठी त्यांना सुवर्णपदक मिळाले होते. म्हणजे भारतीय चित्रपटाचा जनक आधी मॉडेल बनवणारा होता. दादरमध्ये तयार झालेला 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला.

पुढे ललितकलादर्शसाठी पु. श्री. काळे यांनी केलेल्या कामाने मराठी रंगमंचावर बंदिस्त दिवाणखाना आणला. मामा वरेरकरांच्या सामाजिक नाटकांना अरण्याचा पडदा चालणार नव्हता. त्यांना खुर्ची, मेज, दार, खिडकी हवी होती. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' करून हे वास्तव वळण पक्के केले. नट आता पडद्यापुढे उभा न राहता खोलीत वावरू लागला. दूरचित्रवाणीच्या स्टुडिओतली तीन भिंतींची खोली ही या दिवाणखान्याची थेट वारस आहे.

परळ-लालबागची शाळा

हे सगळे कसब गिरणगावात कसे रुजले, ते पाहण्यासाठी तीन जागा ध्यानात घ्याव्या लागतात.

पहिली दामोदर हॉल. ना. म. जोशी यांनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे हे नाट्यगृह १९२२ साली परळला उभे राहिले. कामगार रंगभूमीच्या कित्येक पिढ्या इथे घडल्या. पाळी संपवून आलेले कामगार जसे इथे नट होत, तसे फ्लॅट ठोकणारे, झालर बांधणारे आणि प्रॉपर्टी सांभाळणारेही होत. हौशी नाटकाचे अंदाजपत्रक तुटपुंजे असे. त्यामुळे एकच दार चार नाटकांत चार रंग लावून वापरायचे, हे शिक्षण आपोआप मिळे.

दुसरी जागा राजकमल कलामंदिर. वाडिया मुव्हिटोनचा परळचा स्टुडिओ घेऊन व्ही. शांताराम यांनी १९४२ साली राजकमल उभे केले. शांताराम हे मूळचे बाबूराव पेंटरांच्या कंपनीतले. प्रभातमधले त्यांचे भागीदार फत्तेलाल हेही तिथलेच, आणि प्रभातच्या चित्रपटांची दृश्यभाषा फत्तेलालांच्या कला दिग्दर्शनातून घडली. कोल्हापूरची ती परंपरा पुण्यामार्गे परळच्या दारात आली ती अशी. याच काळात चित्रकार एम. आर. आचरेकर यांनी राज कपूरच्या 'आवारा'चे (१९५१) कला दिग्दर्शन केले. ढग, जिने आणि प्रचंड मूर्ती यांनी भरलेला त्यातला स्वप्नप्रसंग अनेकांच्या डोळ्यांपुढे अजून असेल. आचरेकरांना कला दिग्दर्शनासाठी तीनदा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. जलरंगात निष्णात असा हा चित्रकार दादरला आपली कलासंस्था चालवीत होता.

तिसरी जागा गणेशोत्सवाचा मांडव. चिंचपोकळीचे मंडळ १९२० चे, गणेश गल्लीचे १९२८ चे, लालबागचा राजा १९३४ चा. गणेश गल्लीने १९७७ साली दीनानाथ वेलिंग यांच्या हातची बावीस फुटी मूर्ती बसवली आणि उंचीची कल्पनाच बदलून टाकली. मूर्तीइतकाच इथला देखावा महत्त्वाचा. गणेश गल्लीत देशातल्या प्रसिद्ध मंदिरांच्या प्रतिकृती उभ्या राहिल्या. इतर मंडळांत हलते देखावे होऊ लागले. मोटर, पट्टा आणि चाक यांच्या जोरावर राक्षस मान हलवी, निवेदन चाले, दिवे लागत-विझत. हा दहा दिवसांचा सेटच होता. त्यात संहिता होती, ध्वनी होता, प्रकाश होता आणि विसर्जनानंतर तो मोडायचाही होता. सांगाड्याला बांबू, त्यावर पोते किंवा कापड, त्यावर प्लास्टर, त्यावर रंग आणि शेवटी जुनेपणाचा हात हा क्रम मांडवात शिकलेल्या माणसाला स्टुडिओत नव्याने शिकवावा लागत नाही.

वरळीचा करडा रंग

दूरदर्शनची इमारत वरळीला, लोअर परळहून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथल्या नेपथ्यकारापुढचा पहिला प्रश्न रंगाचा होता, कारण पडद्यावर रंगच नव्हता. कृष्णधवल चित्रात लाल आणि हिरवा यांची उजळता सारखी असेल तर दोन्ही एकाच करड्या छटेत विरघळतात. लाल साडी हिरव्या भिंतीसमोर आली की साडीची कड नाहीशी होते. शुभ्र पांढरा कॅमेऱ्यात भडकतो, म्हणून भिंती फिक्या करड्या किंवा मळकट पिवळसर ठेवायच्या. बारीक चौकटीचे कापड पडद्यावर थरथरते, म्हणून तेही टाळायचे. रंगमंचावरून आलेल्या माणसाला आपली सारी रंगपेटी मिटून फक्त उजेड आणि काळोख यांच्या पायऱ्यांत विचार करावा लागला.

दुसरा प्रश्न आकाराचा. नाटकात प्रेक्षक सबंध दिवाणखाना एकदम पाहतो. दूरचित्रवाणीच्या छोट्या चौकटीत बहुतेक वेळा चेहराच असतो आणि चेहऱ्याच्या मागे दिसते ती खांद्याजवळची दोन फुटांची भिंत. त्या दोन फुटांत घर सांगायचे असते. हार घातलेली तसबीर, गिरणीचे कॅलेंडर, आरशाच्या चौकटीत खोचलेला फोटो, खुंटीवरची पिशवी यांतली एक वस्तू बरोबर निवडली की घराची ऐपत, धर्म, साल आणि त्या घरातले दुःखही कळते. म्हणून दूरचित्रवाणीत प्रॉपर्टी हीच अर्धे नेपथ्य असते.

तिसरा प्रश्न कॅमेऱ्यांचा. स्टुडिओत एकाच वेळी दोन-तीन कॅमेरे फिरत. त्यांना वाट हवी, वरून दिवे सोडायला छत उघडे हवे, गरज पडली की सरकवता येईल अशी भिंत हवी. यामुळे प्रत्येक खोली खऱ्यापेक्षा मोठी करणे भाग पडले. या मोठेपणाकडे पुढे पुन्हा वळायचे आहे.

कार्यक्रमांची नावेसुद्धा तेव्हा हाताने लिहिली जात. काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या अक्षरांत शीर्षक रंगवायचे आणि ते कॅमेऱ्यासमोर धरायचे. टेप महाग असल्याने जुने कार्यक्रम पुसून तिच्यावर नवे मुद्रण होई. त्या काळातले कितीतरी नेपथ्य दोनदा मोडले गेले ते यामुळे. एकदा स्टुडिओत हातोडीने आणि एकदा टेपवर.

१९८२

गिरणगावाच्या आणि दूरचित्रवाणीच्या इतिहासात १९८२ हे साल एकाच वेळी उंबरठ्यासारखे उभे आहे. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्याच वर्षी दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने भारतीय दूरचित्रवाणी रंगीत झाली. एक उद्योग विझू लागला आणि त्याच्या शेजारीच दुसरा उजळू लागला. या दोन घटनांत कार्यकारणभाव नाही. तरी परळच्या घरांत दोन्ही एकाच सुमारास शिरल्या, हे विसरता येत नाही.

रंग आला, पाठोपाठ प्रायोजित मालिका आल्या आणि चित्रीकरणाचा मध्य गोरेगावच्या चित्रनगरीकडे सरकला. श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज'ने (१९८८) त्रेपन्न भागांत पाच हजार वर्षांचा इतिहास उभा केला. नितीश रॉय यांचे त्यातले कला दिग्दर्शन म्हणजे थोड्या पैशांत काळ कसा उभारावा याचा वस्तुपाठच होता. त्यांच्या हाताखाली 'तमस'पासून काम करणारा एक मराठी तरुण पुढे 'चाणक्य' (१९९१) मालिकेतून पुढे आला. तो तरुण म्हणजे नितीन चंद्रकांत देसाई. दापोलीकडचा जन्म, जे. जे. आणि रहेजा या कलाशाळांत छायाचित्रणाचे शिक्षण, आणि पुढे कला दिग्दर्शनाचे चार राष्ट्रीय पुरस्कार, असा त्यांचा आलेख आहे. 'लगान', 'देवदास' या चित्रपटांसाठी ते जगाला माहीत झाले. 'राजा शिवछत्रपती' ही मालिका त्यांनीच निर्माण केली. लालबागच्या राजाचा मांडवही त्यांनी अनेक वर्षे सजवला. मांडव, मालिका आणि चित्रपट या तिन्हींना एकच हात कसा पुरतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. २ ऑगस्ट २०२३ रोजी त्यांचे निधन झाले.

देसाईंच्या नावावर आणखी एक काम आहे. ३ जुलै २००० रोजी सुरू झालेल्या 'कौन बनेगा करोडपती'चा सेट त्यांनी उभारला. मूळ ब्रिटिश कार्यक्रमाचे (१९९८) नेपथ्य अँडी वॉम्सली यांनी आखले होते. अंधारे वर्तुळ, मधोमध समोरासमोर दोन उंच आसने, प्रश्न अवघड होताना खाली उतरणारा उजेड अशी ती कल्पना. कार्यक्रमाच्या हक्कांबरोबर ती देशोदेशी गेली आणि शंभराहून अधिक ठिकाणी उभी राहिली. इथे नेपथ्याचे स्वरूप बदलले. आराखडा ही विकत घेण्याची आणि जशीच्या तशी उभारण्याची वस्तू झाली. स्थानिक कलाकाराचे कौशल्य आता दुसऱ्याची कल्पना आपल्या लाकडात आणि आपल्या सुतारांकडून बसवून घेण्यात दिसू लागले.

लोअर परळ, आज

२ ऑक्टोबर १९९२ रोजी, मुंबई दूरदर्शनला बरोबर वीस वर्षे झाली त्या दिवशी, झी टीव्ही सुरू झाली आणि खासगी वाहिन्यांचे पर्व उघडले. त्यांपैकी मोठ्या वाहिन्यांची कार्यालये पुढे लोअर परळला आली. झीचे कार्यालय ना. म. जोशी मार्गावर, स्टारचे गणपतराव कदम मार्गावर. कमला मिलच्या आवारात वृत्तवाहिन्या आल्या. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर तिथे लागलेल्या आगीत चौदा जणांचे प्राण गेले आणि काही वाहिन्यांचे प्रक्षेपण खंडित झाले, तेव्हा गिरणीच्या आवारात किती 'पडदे' दाटले आहेत ते साऱ्या शहराला कळले.

पण या भागात आज मालिकेचा सेट क्वचितच ठोकला जातो. इथे तो मंजूर होतो. नेपथ्यकार संहिता वाचून जमिनीचा नकाशा काढतो, संगणकावर खोली उभी करतो, तिच्यात उजेड टाकतो आणि ते रंगीत चित्र बैठकीत दाखवतो. चित्र पसंत पडले की अंदाजपत्रक ठरते आणि काम गोरेगाव, मढ, ठाणे, मीरा रोडच्या स्टुडिओंकडे जाते. तिथे सुतार, मोल्डर, पेंटर, प्रॉपर्टीवाले ते चित्र लाकूड-प्लायमध्ये उतरवतात. कधी सेट बांधतच नाहीत. 'रात्रीस खेळ चाले'साठी सावंतवाडीजवळच्या आकेरीतला खरा वाडा निवडला गेला आणि पुढे लोक तो पाहायला जाऊ लागले. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आली आणि मखरवाल्यांप्रमाणे नेपथ्याच्या कारागिरांनाही कागदाचा लगदा, बांबू, कापड यांचा नव्याने विचार करावा लागला. योगायोगाने हे साहित्य भरताच्या यादीच्या जवळचेच आहे.

एकशे साठ चौरस फूट

आता त्या मोठ्या झालेल्या खोलीकडे वळू. ना. म. जोशी मार्गावर बीडीडी चाळी आहेत. मुंबईच्या विकास खात्याने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि इथे मिळून २०७ इमारती बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका इमारतीत ऐंशी खोल्या आणि खोली एकशे साठ चौरस फुटांची. त्या खोलीत मोरी, ओटा, माळा, ट्रंका, शिलाई यंत्र आणि सहा-आठ माणसे. छोट्या पडद्यावर आपण जी चाळ पाहतो तिची खोली याच्या दुप्पट-तिप्पट असते, कारण कॅमेऱ्याला जागा लागते. गॅलरी रुंद होते, मोरी दिसेनाशी होते, माळा बहुधा गाळला जातो. यात नेपथ्यकाराचा दोष नाही, ती माध्यमाची अट आहे. खरी चाळ पायाखाली होती तोवर या फरकाने काही बिघडत नव्हते. पाहणारा मनातल्या मनात खोली आखडून घेत असे.

आता मात्र बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. त्या खोल्यांच्या जागी पाचशे चौरस फुटांची घरे येत आहेत. रहिवाशांना ती मिळायलाच हवीत, त्यांनी शंभर वर्षे वाट पाहिली आहे. दामोदर हॉलही पुनर्विकासासाठी २०२३ च्या अखेरीस बंद झाला. आणखी तीस वर्षांनी चाळीतली खोली कशी होती हे ज्याला पाहायचे असेल, त्याच्यासमोर मालिका आणि चित्रपट असतील, म्हणजेच फुगवलेली खोली असेल. तीच खरी समजली जाईल.

याला उतारा नेपथ्यकाराच्याच कपाटात आहे. सेट आखण्यापूर्वी चांगला नेपथ्यकार खऱ्या जागेची मापे घेतो, छायाचित्रे काढतो, कोणती वस्तू कुठे असते त्याची यादी करतो. नंतर तो खोली मोठी करतो, परंतु मूळ माप त्या कागदावर राहते. जमिनीचा नकाशा, भिंतींचे आराखडे, रंगांचे नमुने, प्रॉपर्टीची यादी आणि सलगतेसाठी काढलेले फोटो एवढे पाच कागद जपले तर एका वस्तीचे मोजमाप जपले जाते. खरे आणि बनवलेले यांतला फरकही त्यातूनच कळतो. मालिका संपली की सेट मोडतो, ते ठीकच आहे. त्याबरोबर फाइल रद्दीत जाते आणि संगणकातली चित्रे पुसली जातात, हे मात्र थांबवता येण्यासारखे आहे.

मराठी नाटकाने या बाबतीत एक चांगली रीत पाळली. वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या चार ओळींच्या जाहिरातीतही 'नेपथ्य' या शब्दापुढे नाव असते. म्हणून द. ग. गोडसे, रघुवीर तळाशिलकर, मोहन वाघ, प्रदीप मुळ्ये, राजन भिसे ही नावे रसिकांच्या ओठांवर राहिली. दैनंदिन मालिकेत श्रेयनामावली धावत जाते किंवा दाखवलीच जात नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात रंगभूमीच्या नेपथ्याची मॉडेल आणि रेखाटने जतन केलेली आहेत. आपल्याकडे चित्रपटासाठी पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे आणि पेडर रोडच्या गुलशन महालातले संग्रहालय २०१९ पासून. मालिकांच्या नेपथ्याचे कागदही तिथे जाऊ शकतात. परळमधल्या एखाद्या ग्रंथालयाने दोन कपाटे दिली तरी सुरुवात होईल. वाहिन्यांनी मालिका संपताना नेपथ्यकाराची एक फाइल जमा करण्याची अट करारात घातली, तर त्यासाठी वेगळा खर्चही येणार नाही.

बाबूराव पेंटरांनी रंगवलेले पडदे काळाच्या ओघात विरले, दूरदर्शनच्या टेपा पुसल्या गेल्या. त्याबद्दल आता काही करता येत नाही. मात्र आज मालिकांसाठी चाळी आखणारे नेपथ्यकार आपल्यात आहेत, त्यांच्या मापांच्या वह्या अजून त्यांच्या घरी आहेत आणि ना. म. जोशी मार्गावरच्या काही इमारतीही अजून उभ्या आहेत. माप घेण्याचे आणि कागद गोळा करण्याचे काम या काही वर्षांतच करावे लागेल.